एन, जी, एच

पाटीवर ‘इनफ’ हा शब्द पुन्हा आला तेव्हा सुमतीबाईंनी हातातली पोथी मिटली, डोळे पुसले आणि पुण्याला मुलीला फोन लावला.

“त्रिशला, सुट्टी काढून ये बाळ. आप्पा मागायला लागलेत.”

“काय मागायला लागलेत?”

“आणि काय मागतील? पुरे म्हणतात. देह सोडायचा म्हणतात.” मग जरा ताठ आवाजात त्या म्हणाल्या, “सल्लेखना मागतात.”

त्रिशलाने प्रयोगशाळेतला कोट खुंटीला अडकवला आणि दुपारची सांगलीची गाडी पकडली.

सल्लेखना म्हणजे काय हे मगदुमांच्या घरात कुणाला समजावून द्यावं लागत नव्हतं. त्रिशलाच्या पणजोबांनी ती घेतली होती. शरीर आता धर्माला साथ देत नाही असं दिसल्यावर, पूर्ण शुद्धीत, सगळ्यांची क्षमा मागून, आधी अन्न आणि मग पाणी सोडत जायचं. पणजोबांच्या दर्शनाला सगळं गाव लोटलं होतं म्हणे. घरात त्याबद्दल बोलताना कुणी आवाज खाली करत नसे. पण त्यात एक अट होती, आणि ती सुटली तर बाकी सगळं व्यर्थ होतं. मागणी त्या माणसाची स्वतःची हवी.

आणि आप्पा, म्हणजे हायस्कुलात जन्मभर भूमिती शिकवलेले भूपाल मगदूम, गेल्या वर्षी मेंदूच्या देठात रक्तस्राव झाल्यापासून करंगळीसुद्धा हलवू शकत नव्हते. डोळे उघडायचे, मिटायचे. ते बघून मिटतात की नुसतेच मिटतात, हे डॉक्टरांना सांगता आलं नव्हतं. पोटात बसवलेल्या नळीतून पातळ अन्न जायचं. शेवटचं अन्न सूर्यास्ताच्या आत, घरच्या नियमाप्रमाणे. ही नळी बंद करायची की नाही, एवढाच आता प्रश्न होता.

“उपाध्ये काका रविवारी येतायत,” सुमतीबाईंनी दारातच सांगितलं. उपाध्ये काका म्हणजे बस्तीतले, जैन मंदिरातले वृद्ध पंडित. “ते स्वतः विचारणार. मी म्हटलं, पाटीवर आलंय सगळं, तर म्हणाले, मला विचारू दे. एकदा नाही, तीन वेगवेगळ्या दिवशी विचारीन.”

“आणि तिन्ही वेळा तेच आलं तर?”

“तर मग आपण कोण अडवणारे?” असं म्हणून त्यांनी मुलीच्या हातातली पिशवी घेतली आणि स्वयंपाकघरात गेल्या. पाण्याचा नळ बराच वेळ चालू राहिला.

पाटी हे घरातलं नाव. कंपनीच्या कागदावर त्या यंत्राचं नाव लांबलचक होतं. त्याची रचना त्रिशलाला ठाऊक होती, कारण आप्पांना ते बसवायच्या आधी तिनेच सगळं वाचून काढलं होतं.

कवटीला छोटं छिद्र पाडून मेंदूच्या पृष्ठभागावर कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ फीत ठेवतात. हाताच्या हालचालीच्या आज्ञा जिथून निघतात, नेमकी त्या जागेवर. रुग्णाने मनातल्या मनात अक्षर गिरवायचं. हात हलत नाही, पण आज्ञा निघते, आणि प्रत्येक अक्षराच्या आज्ञेची विजेतली नक्षी वेगळी असते. ती ओळखून यंत्र अक्षर सांगतं. धडधाकट मेंदू असेल तर हे इतकं सरळ आहे.

आप्पांसारख्या मेंदूतून आज्ञा फाटक्या निघतात. एका शब्दातली दोन किंवा तीन अक्षरं हाती लागतात, बाकीची गोंगाटात बुडतात. मग यंत्राचा दुसरा भाग कामाला लागतो. ही अक्षरं असलेले इंग्रजी शब्द तो शोधतो. समजा एन, जी आणि एच ही अक्षरं सापडली. ती तिन्ही ज्यांत आहेत असे शब्द शेकड्यांनी निघतात: नाइट, थिंग, हँग, चेंज, लेंग्थ, इनफ. यातला रुग्णाचा शब्द कुठला, हे तिसरा भाग ठरवतो. वेळ कुठली आहे, खोलीत कोण आहे, रुग्णाने पूर्वी पत्रांतून कोणते शब्द वापरले, आणि आत्ता खोलीत काय बोलणं चाललं आहे, हे सगळं तो विचारात घेतो. त्यासाठी पाटीला मराठी समजणारा कान असतो. मग सगळ्यांत संभवनीय असा एकच शब्द पडद्यावर येतो. यादी दाखवली तर घरचे लोक गोंधळतात, असं कंपनीला सुरुवातीलाच दिसून आलं होतं.

हे मराठीत होत नव्हतं. आपल्या अक्षरांना काना, मात्रा, जोडाक्षरं. इतक्या नक्ष्या एकमेकींपासून वेगळ्या काढण्याइतकी स्वच्छ आज्ञा अशा मेंदूतून येत नाही. इंग्रजीची सव्वीस अक्षरं परवडतात. त्यामुळे ज्या घरात नवरा-बायकोने एकमेकांशी उभ्या आयुष्यात एक इंग्रजी वाक्य उच्चारलं नव्हतं, तिथे आता नवरा इंग्रजीत बोलायचा आणि बायको फोनवर शब्दाचा अर्थ शोधून मराठीत उत्तर द्यायची. गेले सात महिने हे चाललं होतं.

आणि घर त्यावर उभं राहिलं होतं. पहिले काही आठवडे पाटी कोरीच होती. मग कंपनीच्या माणसांनी तिची संवेदनशीलता वाढवली आणि शब्द यायला लागले. ‘वॉटर’ आला. ‘सन’ आला तेव्हा सुमतीबाईंनी खिडकीचा पडदा सरकवला. एकदा ‘फरगिव्ह’ आला, तेव्हा अभिनंदन खाटेजवळ बसलेला होता.

अभिनंदन हा त्रिशलाचा मोठा भाऊ. त्याने मिरज रस्त्याला अंड्यांच्या कोंबड्यांची शेडं टाकली त्या दिवसापासून आप्पा त्याच्याशी बोलत नव्हते. जैनाच्या पोराने अंडी विकावीत हे त्यांना सोसलं नाही. ते चिडले नाहीत, भांडले नाहीत, नुसतं बोलणं सोडलं. चार वर्षं. मग आजार. मग पाटीवर तो शब्द. अभिनंदन रडत बाहेर आला होता, आणि महिन्याभरात त्याने सगळी शेडं रिकामी केली.

संध्याकाळी त्रिशला आप्पांजवळ जाऊन बसली. त्यांचा हात हातात घेतला. सुमतीबाई म्हणाल्या, “अहो, त्रिशला आली. तुमची लेक आलीय पुण्याहून.”

पाटीवर थोडी थरथर झाली आणि शब्द उमटला: ‘डॉटर’.

“बघ! ओळखलं की नाही?”

त्रिशलाचं मन भरून आलं. ते खरंच भरून आलं, म्हणूनच त्यानंतर जे मनात आलं त्याची तिला लाज वाटली. तिला वाटलं, आप्पा असं म्हणणार नाहीत.

ती लहान असताना आप्पा तिला स्कूटरवर शाळेत सोडायचे. पुढच्या गाडीच्या पाटीवर एमएच टेन आणि त्यापुढची दोन अक्षरं दिसली की खेळ सुरू. ती दोन्ही अक्षरं असलेला इंग्रजी शब्द शोधायचा. नियम एकच, पहिला सुचलेला शब्द टाकून द्यायचा. “पहिला शब्द तुझा नसतो गं, तो सगळ्यांचा असतो. पुढचा सांग.” सी आणि आर आले आणि तिने ‘कार’ म्हटलं की आप्पा मान हलवायचे. एकदा तिने ‘मर्क्युरी’ म्हटलं तेव्हा त्यांनी पुष्पराज चौकात विनाकारण हॉर्न वाजवला होता.

सात महिन्यांत आईने फोनवर कळवलेला एकेक शब्द तिने आठवून पाहिला. वॉटर. सन. पेन. गुड. स्लीप. आजारी माणसाच्या खोलीत कुणालाही पहिल्यांदा सुचतील असे. एकही शब्द असा नव्हता की ऐकून हॉर्न वाजवावा.

आजाराने माणूस बदलतो, असं तिने स्वतःला सांगून पाहिलं. मग सकाळी कंपनीच्या तंत्रज्ञ रेश्मा बागवान यांना फोन करून बोलावून घेतलं.

रेश्मा पाटीची देखभाल करायला दर महिन्याला येत. त्यांच्या बॅगेत प्लॅस्टिकची एक पोकळ कवटी असे, आत मिठाच्या पाण्याची घट्ट जेली भरलेली. फीत नीट चालते का हे बघण्यासाठी ती त्या जेलीवर ठेवून पाहायची पद्धत होती. तंत्रज्ञ लोक तिला नारळ म्हणत.

“नारळावर तुमच्याकडची दुसरी फीत लावायची,” त्रिशला म्हणाली. “पण पाटीला सांगायचं की हे आप्पाच आहेत. त्यांची सगळी माहिती तीच ठेवायची. कान चालू. आई नेहमीसारखी वाचेल.”

रेश्मांनी तिच्याकडे पाहिलं. “आम्ही असं नाही करत ताई. नारळावर फक्त फितीची तपासणी करतो. शब्द बंद ठेवून.”

“का?”

“का म्हणजे... नारळ कशाला बोलेल?”

“तेच बघायचंय.”

रेश्मा कामाला लागल्या. त्यांनी आप्पांच्या फितीचा संपर्क तोडला, नारळ खाटेच्या पलीकडे स्टुलावर ठेवला आणि वर टॉवेल टाकला. सुमतीबाईंना त्रिशलाने एवढंच सांगितलं की पाटीची तपासणी आहे, तू रोजचं वाचन कर.

आजारी माणसाच्या उशाशी चांगले शब्द पडावेत म्हणून घरात रोज वाचन असे. सुमतीबाई पोथी उघडून आपल्या एकसुरी, गोड आवाजात वाचू लागल्या. देह हा पिंजरा. देह हे जुनं वस्त्र. आहाराची आसक्ती सुटली की जीव हलका होतो. आता पुरे झालं असं ज्याला उमगलं, तो धन्य. मध्येच थांबून त्या खाटेकडे बघत आणि आपल्या मनाने एखादं वाक्य घालत, “कळतंय ना तुम्हाला? मी अडवणार नाही हं.”

पाटी थरथरली. ‘इनफ’.

सुमतीबाईंनी वाचत राहून नुसती मान हलवली. थोड्या वेळाने ‘लीव्ह’ आला. मग, बऱ्याच वेळाने, ‘बॉडी’.

सुमतीबाईंनी पोथी कपाळाला लावली आणि पाटीला हात जोडले. “ऐकलंस ना आता? तुझ्यासमोर म्हणाले.”

रेश्मा खिडकीकडे वळल्या. त्रिशलाला वाटलं होतं की नारळ काहीबाही बडबडेल आणि मग आईला सांगणं सोपं होईल. नारळाने आप्पांसारखंच बोलावं, याची तयारी तिने केली नव्हती.

तिने टॉवेल काढला.

समजावून सांगायला फार वेळ लागला नाही. सुमतीबाई ऐकून घेणाऱ्या बाई होत्या. जेलीत मेंदू नसला तरी विजेची बारीक कुरबुर असतेच. पंख्याची, दिव्याची, खुद्द यंत्राची. संवेदनशीलता वाढवली की त्या कुरबुरीतूनही यंत्राला दोन-तीन अक्षरं दिसतात, ढगात हत्ती दिसावा तशी. दोन-तीन अक्षरांत काहीही मावतं. त्यातून एक शब्द निवडायचा तर यंत्र खोलीतल्या बोलण्याकडे बघतं. आणि खोलीत रोज काय बोललं जात होतं?

“म्हणजे मीच?” सुमतीबाई म्हणाल्या.

“तू नाही आई. यंत्र.”

“पण शब्द माझे.”

त्रिशलाने उत्तर देण्याऐवजी पाटीचा कान बंद केला, निवड करणारा भागही बंद केला आणि नारळाकडून आलेली पहिली अक्षरं पुन्हा शोधाला लावली. एन, जी, एच. पडद्यावर इंग्रजी वर्णक्रमाने यादी उतरू लागली. सुमतीबाईंनी एका शब्दावर बोट ठेवलं, मग खालच्या दुसऱ्यावर. त्रिशला अर्थ सांगत गेली. यातना. बदल. पुरे. भूक लागलेला. शेजारी. रात्र. काही नाही.

“भूक लागलेला पण आहे यात?”

“हो.”

“त्याच अक्षरांत?”

“त्याच.”

सुमतीबाई उठल्या आणि आप्पांच्या अन्नाची पिशवी तपासून आल्या. ती अर्धी भरलेली होती. तरी त्या तिथेच पिशवीला हात लावून उभ्या राहिल्या.

अभिनंदनला संध्याकाळी कळलं. तो आधी हसला.

“नारळ? मंगळवारचा नारळ फोडतोय काय गं आपण घरात?”

“दादा, ऐक तरी.”

“ऐकतोय की. तू म्हणतीस ते शब्द आप्पांचे न्हवते.”

“आप्पांचे होते असं म्हणायला काही आधार नाही, असं म्हणतेय.”

“तुझं हे बोलणंच मला कळत न्हाई. होते का न्हवते?” आणि मग त्याचा चेहरा बदलला. “मला म्हणाले ते कुठल्या अक्षरांत होतं? बघता येतंय?”

येत होतं. एफ, जी, आर. त्रिशलाने शोध लावला. अभिनंदन मोठ्याने वाचू लागला. फिंगर. फरगेट. फरगिव्ह. फ्रिज. फ्रॉग.

“फ्रिज,” तो म्हणाला. “आप्पा मला फ्रिज म्हणाले असतील. किंवा बेडूक. बेडूक जास्त शोभतं.” तो हसत होता आणि त्याची हनुवटी हलत होती. “मी त्यांच्याजवळ बसून काय बोलत होतो माहितीय तुला? तासभर ‘माफ करा, माफ करा’ म्हणत होतो. दुसरं काय येणार पाटीवर? तायडे, मी शेडं मोकळी केली गं. माणसं घरी पाठवली. एका शब्दासाठी.”

“त्यांनी माफ केलंही असेल दादा. आपल्याला माहीत नाही एवढंच.”

“ते आधीपण माहीत न्हवतं,” अभिनंदन म्हणाला. “मग फरक काय पडला तुझ्या शोधानं?”

तो चप्पल घालून निघून गेला.

उपाध्ये काका रविवारी आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, नारळ हातात घेऊन फिरवून पाहिला आणि परत ठेवला.

“माझा प्रश्नच राहिला नाही,” ते म्हणाले. “जो शुद्धीत मागतो त्याचीच सल्लेखना. हे तर आपणच आपल्याला विचारून आपणच होय म्हणण्यासारखं झालं. नळी चालू ठेवा.”

“काका, पण ते खरंच आत असले तर? खरंच मागत असले तर?” सुमतीबाई म्हणाल्या.

“तर त्यांना मागता आलं पाहिजे, वहिनी.”

“तेच तर येत नाही ना!”

जाताना काका आप्पांच्या पायांशी थांबले, हात जोडले, ओठांतल्या ओठांत णमोकार मंत्र म्हटला.

सुमतीबाई त्यांना पोचवून आल्या ते सरळ त्रिशलासमोर येऊन उभ्या राहिल्या. “तू शिकलेली आहेस. खोटं कसं आहे ते दाखवलंस. आता खरं काय ते दाखव. ते आहेत की नाहीत?”

त्रिशलाने खूप विचार करून एक रीत बसवली. कान बंद. शब्द निवडणारा भाग बंद. संवेदनशीलता मूळ जागी; तिथे शब्द जुळत नसला तरी तुरळक सुटं अक्षर येतं. फक्त अक्षरं बघायची. रोज सकाळी आप्पांना एकदाच सांगायचं की मनात एकच अक्षर पुन्हा पुन्हा लिहा, एम. मग दिवसभर थांबायचं. नारळ शेजारी ठेवायचा आणि दोघांची अक्षरं ताडून पाहायची. आप्पांकडून एम नारळापेक्षा जास्त वेळा आला, तर आत कुणीतरी ऐकणारं आहे. आठवड्याला अक्षर बदलायचं. तीन आठवडे.

“आणि त्या काळात खोलीत कुणी बोलायचं नाही.”

“का? कान बंद केलास ना त्याचा?”

“पाटीचा केला. आप्पांचा उघडा आहे. कानावर आवाज पडला की मेंदूत हालचाल होते, ती फितीपर्यंत पोचते. मग त्यांची अक्षरं आणखीच बुडतात.”

सुमतीबाईंचा चेहरा उजळला. “हालचाल होते? म्हणजे ऐकतात! म्हणजे आहेतच की!”

“नाही आई. गाढ बेशुद्ध माणसाचा मेंदूही आवाजाला हलतो. गुडघ्यावर टिचकी मारली की पाय उडतो तसं. त्यात समजणं असतंच असं नाही.”

“नसतंच असंही नाही.”

“नाही.”

“आणि असलं तर? ते ऐकत असले तर तीन आठवडे कुणी त्यांच्याशी बोलायचंच नाही? त्यांना काय वाटेल?”

हा प्रश्न त्रिशलाला आधीच पडला होता. त्यांचं बोलणं ऐकायचं तर त्यांना एकटं पाडावं लागणार होतं, आणि एकटं पाडलं नाही तर ते आहेत की नाहीत हे कधीच कळणार नव्हतं. दोन्ही एकदम होण्याची सोय या यंत्रात नव्हती. ती कुठल्याच यंत्रात नव्हती.

“मी सांगते त्यांना,” सुमतीबाई शेवटी म्हणाल्या. त्यांनी खाटेवर वाकून नवऱ्याच्या कानाशी तोंड नेलं. “अहो, तीन आठवडे आम्ही गप्प राहणार आहोत. रागावलो म्हणून नाही. तुम्ही बोलावं म्हणून. पोरीनं सांगितलंय ते अक्षर लिहा. एवढं एक करा माझ्यासाठी.”

मग त्यांनी जुन्या साडीची पट्टी फाडली आणि हातातल्या बांगड्या वाजू नयेत म्हणून मनगटांवर घट्ट गुंडाळून घेतली.

तीन आठवडे घर अनवाणी चाललं. मिक्सर मागच्या अंगणात गेला. अभिनंदन यायचा, दारातून बघायचा, जायचा. सुमतीबाई खोलीत येऊन कूस बदलत, तोंड पुसत, नळी लावत, आणि हे सगळं करताना त्यांचे ओठ हलत. आवाज नसे. सकाळी त्रिशला अक्षर सांगे, तेवढाच त्या खोलीतला माणसाचा आवाज.

एकदा, दुसऱ्या आठवड्यात, एकापाठोपाठ तीन वेळा ठरलेलं अक्षर आलं. सुमतीबाईंनी त्रिशलाचा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. चौथं अक्षर क्यू आलं. पाचवं आलंच नाही. आदल्या दिवशी नारळानेही असंच तीन वेळा दिलं होतं, हे त्रिशलाने त्या दिवशी आईला सांगितलं नाही. पुढच्या दिवशी सांगितलं.

शेवटी तिने दोन्हींचे आकडे शेजारी शेजारी मांडले. पुण्यातल्या तिच्या मार्गदर्शक बाईंनीही तपासले. आप्पांत आणि नारळात फरक निघाला नाही.

“म्हणजे ते नाहीत,” सुमतीबाई म्हणाल्या. दोघी मागच्या अंगणात बसल्या होत्या.

“म्हणजे यंत्राला सापडले नाहीत. अक्षर लिहिण्याची आज्ञा मेंदूच्या त्या भागातून निघतच नसेल. आत सगळं कळत असेल, तरी ते बाहेर येणार नाही. किंवा काहीच कळत नसेल. दोन्हींत आकडे असेच दिसतील.”

“दुसरं यंत्र?”

“सध्या नाही. पुढे येईल कदाचित. तोवर मेंदूचा तो भाग आणखी सुकलेला असेल.”

“आणि ते असले, तर तीन आठवडे...” सुमतीबाईंनी वाक्य पुरं केलं नाही.

डॉक्टर येऊन गेले. हृदय उत्तम आहे, फुप्फुसं स्वच्छ आहेत, असं म्हणाले. सेवा चांगली चालली आहे, अशीच राहिली तर अजून दहा वर्षंसुद्धा काढतील. त्यांनी ते कौतुकाने सांगितलं.

अभिनंदनने शेडं पुन्हा भरली नाहीत. त्रिशलाने विचारलं तेव्हा म्हणाला, “आता भरली तर आप्पांना दुखवायला भरली असं होईल. न्हाई भरली तर नारळाचं ऐकलं असं होईल. असू देत मोकळी.”

पाटी न्यायला रेश्मा बागवान आल्या. भिंतीवरचे स्क्रू काढताना त्यांनी आवाज होऊ नये म्हणून जपून काढले, सवयीने. इस्लामपूरला एका शिक्षिकेसाठी घरचे लोक यंत्राची वाट बघत होते. त्रिशलाने आप्पांचे आणि नारळाचे आकडे कंपनीला कळवले होते. कंपनीने आभाराचं उत्तर पाठवलं होतं, आणि संवेदनशीलतेबद्दल ग्राहकांच्या अपेक्षा लक्षात घेऊन विचार करू, असं लिहिलं होतं.

“इस्लामपूरच्या लोकांना सांगाल तुम्ही?” त्रिशलाने विचारलं.

“सांगेन ताई,” रेश्मा म्हणाल्या. “पण त्यांच्या मुलीनं मला कालच विचारलं, पहिला शब्द किती दिवसांत येतो म्हणून.”

दुसऱ्या दिवशी त्रिशलाला पुण्याला परतायचं होतं. निघण्याआधी ती खोलीत आली. दुपार उतरत आली होती. सुमतीबाई खाटेजवळ स्टुलावर बसल्या होत्या. मनगटांवरच्या पट्ट्या अजून तशाच होत्या. पोथी मांडीवर होती, उघडलेली नव्हती.

“आई, आता वाच की. बोल त्यांच्याशी. आता काही बिघडत नाही.”

सुमतीबाईंनी आप्पांकडे पाहिलं. त्यांचे डोळे उघडे होते, आढ्याकडे.

“काय बोलू?” त्या हळूच म्हणाल्या. “सात महिने बोलले गं. मी विचारायची, मीच उत्तर द्यायची, आणि मला वाटायचं संसार चाललाय. लग्नानंतर एवढं कधी बोललो नव्हतो आम्ही. आता तोंड उघडलं की वाटतं, हे मलाच परत ऐकू येणार.”

त्रिशलाला जो शब्द सुचला तो कुणालाही सुचला असता, म्हणून तिने तो उच्चारला नाही.

सुमतीबाईंनी खिडकीतून ऊन कुठवर आलंय ते पाहिलं. त्या उठल्या, अन्नाची नवी पिशवी आकड्याला अडकवली, नळी जोडली आणि थेंब पडू लागले तसं एक हात आप्पांच्या पोटावर ठेवून सूर्यास्ताच्या आत पिशवी संपण्याची वाट बघत उभ्या राहिल्या.